पानशेतच्या पुरावर कथा लिहायची तर

आधी एका कागदावर तासांचे रकाने पाडा. तारीख १२ जुलै १९६१, वार बुधवार. काम अर्धवट असलेलं पानशेत धरण सकाळी सातच्या सुमारास फुटलं. लोंढा खडकवासल्यावर आला, तेही धरण गेलं आणि दुपारी पाणी पुण्याच्या पेठांत चढलं. मधल्या तासांत पात्रं कुठे होती ते लिहा. कोणी पूर बघायला पुलावर, कोणी कचेरीत, कोणी अफवा म्हणून आमटीला फोडणी देत. कथेचा जीव या तासांत आहे. बहुतेक जण थेट लोंढ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण वाहून गेलेल्या माणसाशी वाचकाची ओळखच झालेली नसते.

नारायण किंवा शनिवार पेठेतला एकच वाडा घ्या. बिऱ्हाडं पाच-सहा पुरेत, त्याहून जास्त झाली की नावं लक्षात राहत नाहीत. कथेचा पहिला एक तृतीयांश हिस्सा रोजच्या कटकटींना द्या, विशेषतः नळावरच्या भांडणांना. पुढे त्यांचा उपयोग होतो. खडकवासला रिकामं झाल्यावर शहराचे नळच कोरडे पडले. घरात गुडघाभर गाळ आणि प्यायला घोटभर पाणी नाही! मग कळशी घेऊन जुन्या विहिरी आणि हौद शोधायचे. कालपर्यंत नळावर भांडणाऱ्या दोघी तिथे एका रांगेत उभ्या करा.

वाडा पाण्याच्या धक्क्यानेच पडला पाहिजे असं नाही. मातीच्या भिंती भिजून फुगतात आणि पाणी ओसरल्यावर बसतात. लाकडी खांब तेवढे उभे राहतात. म्हणजे ‘सुटलो’ म्हणून सामान काढायला आत गेलेला माणूसही धोक्यात असतो.

काळाच्या चुका टाळा. बालगंधर्व रंगमंदिर १९६८चं, ते तेव्हा नव्हतं. नवे पैसे सुरू होऊन चार वर्षं झाली होती, पण तोंडात आणेच. वीज गेली की विजेवरचा रेडिओ मुका, म्हणून बातमी तोंडोतोंडीच फिरवा. रात्र अमावास्येच्या आसपासची आहे, चांदणं पाडू नका.

मृतांचा आकडा निवेदकाच्या तोंडी नको, त्यावर वाद आहेत. पात्रांनी वेगवेगळे आकडे सांगावेत.

शेवटचा हिस्सा गोखलेनगरला, पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या घरांत न्या. तिथे सामाईक चौक नाही. वाड्यातली एखादी म्हातारी सवयीने ‘अगं ए’ म्हणून शेजारणीला हाक मारते, आणि दार उघडणारी बाई अनोळखी असते.