सिरॅमिक मेळ्याची तयारी करताय? या चुका टाळा

मेळ्यात गिऱ्हाईक कप उलटा करून बुडाची चीर दाखवतं आणि आपण भट्टीला दोष देऊन मोकळे होतो. बिचारी भट्टी! ती चीर बहुतेक वेळा चाकावर नाहीतर सुकताना पडलेली असते, आगीत ती नुसती उघडी पडते. दिवाळीपासून उत्तरायणापर्यंत बडोद्यातल्या कुठल्याही छोट्या स्टुडिओत डोकावा. फळ्यांवर ओल्या भांड्यांची दाटी आणि तारीख जवळ आली म्हणून डोक्यावर पंखा सुरू. पुढे लिहिलेल्या निम्म्या भानगडी त्या पंख्याने केलेल्या असतात.

तारखेपासून मागे मोजा

चाकावरून उतरलेला मग नीट सुकायला आठ-दहा दिवस लागतात. मग बिस्क भट्टी, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी: भरणं, दहा-बारा तास चढवणं, आणि निवायला पुन्हा एक दिवस. ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावायला दोन दिवस, ग्लेझची भट्टी, परत निवणं. एक खेप हातात यायला तीन आठवडे धरा. शेवटची ग्लेझ भट्टी मेळ्याच्या आधी निदान दहा दिवस उघडलेली हवी. बुडं घासणं, तपासणं, किमती लावणं, बांधाबांध यात आठवडा कुठे जातो कळत नाही, आणि एखादी भट्टी बिघडलीच तर दुसरी लावायला जागा राहते. आदल्या रात्री भट्टी उघडून गरम भांडी टेम्पोत भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं कौतुक वाटतं, अनुकरण करावंसं वाटत नाही.

गुजरातेत राहणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडायचा. दिवाळीला बंद झालेला बाजार लाभपाचमीला उघडतो आणि थान-मोरबी या सिरॅमिकच्या गावांकडून येणारा माल त्यानंतरही काही दिवस अडकतो. डिसेंबरच्या मेळ्याची माती आणि फेल्डस्पार, क्वार्ट्झ ही ग्लेझला लागणारी खनिजं दिवाळीआधीच घरात आलेलं बरं. नवीन गोणी आली की तिची एक पट्टी करून भाजून बघायची, मगच मोठं काम. आणि मेळा जानेवारीच्या मध्यात असेल तर 14 आणि 15 तारखेला हमाल, टेम्पो, मदतनीस यातलं काहीही मिळणार नाही, सगळं शहर उत्तरायणाचे पतंग उडवायला गच्चीवर असतं.

पंखा बंद करा

मेळ्याच्या दिवसांत माझी सकाळ चहाच्या आधी फळीपाशी सुरू होते. प्लास्टिक उचलायचं आणि काठाला, पोटाला, बुडाला बोट लावून बघायचं. काठ नेहमी आधी सुकतो, बूड सगळ्यांत शेवटी. काठ पांढुरका आणि बूड अजून गार, ओलसर लागत असेल तर ते भांडं स्वतःशीच भांडतंय असं समजा. सुकलेला भाग आक्रसलेला असतो, ओला भाग अजून आक्रसायचा असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत चीर पडते. बडोद्यातला डिसेंबरचा कोरडा वारा यात भरच घालतो. यावर उपाय साधे आहेत: काठ धरण्याइतका घट्ट झाला की भांडं उलटं ठेवा, काठाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, थाळ्या जाळीवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल. फळी भिंतीकडच्या बाजूला आणि दाराच्या बाजूला सारखी सुकत नाही, म्हणून ती दिवसातून एकदा फिरवा.

बुडाला मधोमध वळसा घेतलेली चीर दिसली तर तिचं मूळ चाकावर आहे. गोळा उघडल्यावर बूड दाबून घेतलंच नाही, किंवा आत पाण्याचं तळं राहू दिलं. बोटाने किंवा लाकडी पट्टीने बूड मधून बाहेर आणि बाहेरून मधे दोन-तीनदा दाबून काढा, पाणी स्पंजने टिपून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे. पन्नास कप ओढायच्या घाईत नेमकं तेच सुटतं.

कपाचा कान हे वेगळंच प्रकरण आहे. कप दोन दिवसांचा, कान आत्ता ओढलेला, आणि जोडले एकमेकांना! कपाचं आक्रसणं बरंचसं संपलेलं असतं, कानाचं सुरूच व्हायचं असतं, त्यामुळे जोडाच्या वरच्या टोकाला केसाएवढी रेघ येते. ती बिस्कनंतर दिसत नाही, ग्लेझनंतर दिसते, आणि कधीकधी गिऱ्हाईकाच्या हातात दिसते. कान आधी ओढून जरा ताठ होऊ द्या. कप आणि कान दोन्ही नखाने दाबल्यावर खूण उमटते पण बोटाला चिकटत नाहीत, अशा अवस्थेत जोडा. दोन्हीकडे ओरखडे, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती), आणि जोडताना आतल्या बाजूने दुसऱ्या हाताचं बोट टेकवून दाब. मग सगळी फळी एका रात्रीसाठी प्लास्टिकखाली ठेवायची, म्हणजे कान आणि कप एकमेकांचा ओलावा वाटून घेतात. कानाला सुकताना थोडं मेण लावलं तर तो आणखी हळू सुकतो.

पहिल्यांदा मेळ्याला जाणाऱ्यांचे मग बरेचदा लहान निघतात, आणि त्यामागे मापातली चूक असते. ओल्या मातीपासून पक्क्या भाजणीपर्यंत स्टोनवेअर (जास्त उष्णतेला भाजायची घट्ट माती) साधारण 10 ते 13 टक्के आक्रसतं. 12 टक्के धरले तर 10 सेंटीमीटरची उंची 8.8 वर येते, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण आकारमान तिन्ही बाजूंनी घटतं. 0.88 चा घन केला तर 0.68. म्हणजे ओला असताना 350 मिलिलिटर मावणारा मग भट्टीतून जेमतेम 240 चा होऊन येतो. 300 मिलिलिटरचा मग हवा असेल तर ओला 440 चा ओढायला हवा. झाकणाची भांडी करणाऱ्यांनी तर झाकण आणि भांडं एकाच गोणीतल्या मातीचं, एकाच दिवशी करावं, आणि बिस्कला झाकण लावूनच भाजावं.

भट्टी आणि विजेचा खेळ

पूर्ण सुकलं असं वाटणारं भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. असं भांडं भट्टीत गेलं आणि उष्णता भराभर वाढली की पाण्याची वाफ होते आणि भांड्याचे तुकडे उडतात, शेजारच्या चार भांड्यांसकट. शंका असेल तर भट्टी 80-90 अंशांवर रात्रभर, दार किंचित उघडं ठेवून धरा. पुढे 573 अंशांच्या आसपास क्वार्ट्झचे स्फटिक रूप बदलतात आणि एकदम फुगतात. चढताना आणि उतरताना हा टप्पा हळू ओलांडायचा, विशेषतः मोठ्या थाळ्यांसाठी.

हिवाळ्यात संध्याकाळी विजेच्या भट्टीला व्होल्टेज कमी मिळालं तर काय होतं, याचं गणित बघण्यासारखं आहे. कॉइलमधून मिळणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज 10 टक्के पडलं की उष्णता 19 टक्के पडते. त्यात कॉइल जुनी झालेली असेल तर तिचा रोध वाढलेला. भट्टी शेवटच्या शंभर अंशांत रेंगाळते, आणि कंट्रोलरवर आकडा तोच दिसत असला तरी भांड्यांनी उष्णता जास्त खाल्लेली असते, ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटतं. म्हणून आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक शेल्फवर कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, ठेवा. सहा नंबरचा कोन साधारण 1220 अंशांना वाकतो, पण तो फक्त तापमान मोजत नाही, वेळही मोजतो, हेच त्याचं मोल. थर्मोकपल, म्हणजे कंट्रोलरला तापमान कळवणारी तार, भट्टीतल्या एकाच जागेची बातमी देतं. वर आणि खाली अर्ध्या कोनाचा फरक सहज असतो. तो फरक ओळखून कुठलं ग्लेझ कुठल्या शेल्फवर ठेवायचं ते ठरवा.

भट्टी उघडायची घाई सगळ्यांनाच असते. 200 अंशांच्या वर दार उघडलं की टिण टिण आवाज सुरू होतो. तो ग्लेझला तडे जाण्याचा आवाज. हाताने भांडं धरवेल इतकी भट्टी निवल्याशिवाय तिच्याजवळ जाऊ नये, मोबाइलवर फोटो टाकायचा असेल तरी.

ग्लेझच्या तीन तक्रारी

ग्लेझ आखडून मधे मातीचा टक्कल पडला असेल तर बहुतेक धूळ, हाताचं तेल किंवा जाड थर कारण असतं. बिस्क झालेली भांडी रस्त्याकडच्या खिडकीखाली आठवडाभर उघडी ठेवायची नाहीत, ग्लेझ लावण्याआधी ओल्या स्पंजने पुसायची, आणि फाफडा खाऊन लगेच ग्लेझला बसायचं नाही.

टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर बिस्ककडे बघा. मातीतला कार्बन 700 ते 900 अंशांदरम्यान नीट जळून गेला नाही तर त्याचा वायू ग्लेझ वितळताना बाहेर येतो. बिस्क त्या टप्प्यात हळू, हवा खेळती ठेवून भाजा. ग्लेझ भट्टीत वर पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवा.

तिसरी तक्रार सर्वांत खोडसाळ. मेळ्याच्या दिवशी मग निर्दोष, आणि महिन्याभराने गिऱ्हाईकाच्या घरी ग्लेझवर जाळं. माती पुरती पक्की झालेली नसली की ती हळूहळू ओलावा पिते, किंचित फुगते, आणि ग्लेझ ताणून फाटतं. म्हणून ग्लेझ न लावलेली पट्टी प्रत्येक भट्टीत ठेवा. कोरडी वजन करा, काही तास पाण्यात उकळा, पुसून परत वजन करा. 250 ग्रॅमची पट्टी 255 झाली तर 2 टक्के, ठीक आहे. 5-6 टक्के आली तर ती भांडी खाण्यापिण्यासाठी विकू नका. माती पक्की असूनही जाळं येत असेल तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आक्रसतंय. ग्लेझमध्ये सिलिका थोडी थोडी वाढवून चाचण्या घ्या. आणि या चाचण्या मेळ्याच्या खेपेत नकोत. नवं ग्लेझ पुढच्या हंगामासाठी.

आतल्या बाजूला, जिथे चहा लागतो, तिथे साधं, तपासलेलं ग्लेझ लावा. तांबं जास्त असलेलं सुंदर हिरवं मॅट बाहेरच राहू द्या. लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा. सकाळी रंग फिका पडलेला दिसला तर ते ग्लेझ जेवणाच्या ताटाला चालणार नाही.

टेबलावर काय ठेवायचं

बडोद्याला मेळ्याची सवय जुनी आहे. 1950 मध्ये सुरू झालेल्या, इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचे मेळे साठच्या दशकापासून होत आले, आणि त्यात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे मास्तर स्वतः खेळणी करत. सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट यांची मातीची मांजरं तर या शहराच्या ओळखीची झाली. हे सांगायचं कारण एवढंच, की इथलं गिऱ्हाईक हातात मावेल, दिवाणखान्यात ठेवता येईल असं काहीतरी शोधत येतं. दोन फुटी फुलदाण्या कौतुकाने बघितल्या जातात आणि संध्याकाळी जड होऊन परत येतात. लहान वस्तूंची संख्या भरपूर ठेवा, मोठ्या दोन-चारच.

बुडाची कडा ओल्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी सागवानी टेबलावर रेघोट्या. घासताना पाणी वापराच. कोरडी सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसली की बाहेर निघत नाही. मॅट ग्लेझवर चिकट लेबल लावू नका, त्याचा डिंक निघता निघत नाही. दोऱ्याने चिठ्ठी बांधा. बांधताना कप एकात एक घालू नका, थाळ्या आडव्या न रचता उभ्या भरा, खोकं हलवून बघा, आत आवाज आला तर अजून पेपर कोंबा.

“बेन, माइक्रोवेवमां चालशे?” हा प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा येतो. उत्तर आधीच तयार हवं: माती पक्की असेल तर हो, सोनेरी काठ असेल तर नाही. मान डोलावून विकायचं आणि घरी मग चटका बसण्याइतका तापला की गिऱ्हाईक कायमचं तुटतं.

किंचित वाकडी, डाग पडलेली भांडी वेगळ्या टोपलीत, ‘सेकंड्स’ असं स्पष्ट लिहून, कमी भावात ठेवायला हरकत नाही. मेळ्याची गर्दी कित्येकदा त्याच टोपलीभोवती असते. चीर गेलेलं भांडं मात्र त्या टोपलीतही नको. कुंडी म्हणूनही नको, कारण घरी नेऊन लोक त्यात लोणचं भरतात.