ॲपवरच्या कॅबला अपघात झाला, तर प्रवाशाने काय करावं?

नाशिकचं द्वारका सर्कल असो, पाथर्डी फाटा असो की कसारा घाट, गाड्या ठोकल्या की दोन्ही ड्रायव्हर ‘चूक कोणाची’ यावर भांडायला लागतात. मागे बसलेल्या प्रवाशाने त्या भांडणात पडू नये. त्याची चूक बहुतेक वेळा नसतेच. त्याची भरपाई अडते ती कागद नसल्यामुळे.

आधी जीव. नाशिकच्या बऱ्याच कॅब सीएनजीवर चालतात आणि टाकी डिकीत असते. गॅसचा वास आला किंवा फुसफुस ऐकू आली तर बॅगेसाठी डिकी उघडू नका, लांब जा, कोणाला विडी-काडी पेटवू देऊ नका. हायवेवर गाडीच्या मागे उभं राहू नका, रेलिंगपलीकडे जा. कोणाची मान किंवा पाठ दुखत असेल आणि आगीचा धोका नसेल, तर त्याला ओढून बाहेर काढू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मार किरकोळ वाटला तरी ११२ ला फोन कराच. कॉलची वेळेसकट नोंद राहते.

मग मोबाइल. ड्रायव्हर विनवतो, ‘ताई, राइड कॅन्सल करा, नाहीतर माझा आयडी ब्लॉक होईल.’ करू नका. तुम्ही त्या गाडीत होता याचा सगळ्यात सरळ पुरावा ती राइडच आहे, आणि ॲपचा प्रवासी विमा असेल तर तोही तिलाच जोडलेला असतो. राइड आयडी, वेळ, मार्ग, ड्रायव्हरचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट काढून घरच्यांना पाठवून ठेवा. ‘ॲप बंद करून कॅश द्या’ म्हणून ठरवलेल्या शिर्डी-मुंबईच्या फेऱ्यांत हाच पुरावा नसतो. गाडीची नंबरप्लेट ॲपमधल्या नंबरशी ताडून बघा आणि दोन्ही गाड्यांच्या प्लेटचे फोटो घ्या. प्लेट पांढरी असेल तर गाडी खासगी आहे. भाडं मारताना अपघात झाला म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विम्याची मुदत कळते. ॲपमधून कॅब कंपनीलाही लेखी कळवा.

दवाखान्यात एक चूक सर्रास होते. पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक सांगतात, ‘घरात पाय घसरला.’ केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद कोर्टात काढतो. ‘रस्ता अपघात’ असं गाडीच्या नंबरासह लिहून घ्या, एमएलसी (दवाखान्याने पोलिसांसाठी करायची अधिकृत नोंद) करायला सांगा. डोक्याचा, मानेचा, पोटाचा मार दुसऱ्या दिवशी बोलतो, म्हणून त्याच दिवशी तपासून घ्या. केंद्र सरकारच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत ठरावीक रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवस, १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, पण त्यासाठीही पोलिसांकडे नोंद लागते. औषधांची पक्की बिलं, डिस्चार्ज कार्ड, कामावरच्या रजेचा दाखला एका फाइलीत ठेवा.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत नाही, ग्रामीणला जा’ असं ऐकावं लागलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत घ्या. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाकडे, पाठवायचा असतो; तो गेला का, हे विचारा. ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर रस्त्यात सही करू नका, कोणी हातात पाच हजार टेकवले तरी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. अपघात कसाऱ्यात झाला तरी राहायला नाशिकला असाल तर दावा नाशिकच्या न्यायाधिकरणात लावता येतो. दोन्ही ड्रायव्हर चुकले असतील तर प्रवासी दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला २.५ लाख आणि मृत्यूला ५ लाख मिळतात. मात्र ते घेतले की १६६ चा दावा टिकत नाही, म्हणून आधी वकिलाला विचारा. वॉर्डात येऊन कोऱ्या वकीलपत्रावर सही मागणाऱ्या एजंटाला नाही म्हणा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील देतं.