स्वस्तातला प्रोसेसर घेताय? आधी बायॉसची आवृत्ती बघा

काम काय करायचंय ते ठरवा. हिशेब, ब्राउझर, सिनेमे एवढंच असेल तर चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) इंटेलचा आय३-१२१०० पुरून उरतो. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर सहा कोअरच्या खाली उतरू नका. एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा आय५-१२४००, दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). जो स्वस्त मिळेल तो घ्या. या दोघांत कोणता सरस यावर आठवडे घालवणारे लोक बघितलेत. तो वेळ पुढच्या गोष्टींना द्या.

नावाच्या शेवटचं अक्षर वाचा. इंटेलच्या नावाला शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही; ५६००जी मध्ये आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर एफवाला कितीही स्वस्त दिसू दे, हात लावू नका. मदरबोर्डावर एचडीएमआयची जागा असते म्हणून माणूस फसतो, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर त्या जागेतून काहीच बाहेर येत नाही. उलट, कार्ड नक्की घेणार असाल तर ५६००जी कशाला? त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. गेममध्ये तो फरक दिसतो.

सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, जुळायला हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. एएम४ आणि एएम५ ही रायझनची सॉकेटं, एलजीए१७०० हे इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचं (आय३-१२१०० मधला १२ म्हणजे बारावी पिढी). एएम४ ला डीडीआर४ रॅम, एएम५ ला फक्त डीडीआर५. एलजीए१७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघतात, पण एका बोर्डावर सहसा एकच प्रकार चालतो, म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव वाचून मगच रॅम घ्या.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वेळी मी हीच पाहिली नव्हती, आणि ही यादी लिहायला बसलोय ती त्यामुळेच. सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालू होईल असं नाही. बोर्डावरच्या बायॉसला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्याच प्रोग्रामला, तो प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. एएम४ बोर्डांवरचा बी४५० चिपसेट (बोर्ड कोणत्या जातीचा ते यावरून ठरतं) २०१८ चा, रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० ची. म्हणजे बोर्ड कोरा करकरीत असला तरी खोका जुन्या साठ्यातला असेल तर आतलं बायॉस त्या प्रोसेसरच्या आधीचं असू शकतं. बी५५० सुद्धा जून २०२० चा आहे, तेव्हा तिथेही गाफील राहू नका. इंटेलकडे तेच: एच६१० आणि बी६६० हे बाराव्या पिढीबरोबर आले, तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर त्यांच्यात बसतो, पण बायॉस नवं लागतं. बायॉस जुनं असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. माणूस रॅम काढून बघतो, केबल बदलतो, पॉवर सप्लायवर संशय घेतो. भाग सगळे धड असतात.

म्हणून पैसे देण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचं पान उघडा आणि चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी काढा. प्रत्येक नावासमोर किमान कोणती बायॉस आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. ती लिहून घ्या. बोर्डाचा रिव्हिजन क्रमांकही जुळवा; एकाच नावाच्या दोन रिव्हिजनांची पानं वेगळी असू शकतात. मग दुकानदाराला थेट विचारा: या खोक्यातल्या बोर्डावर कोणती आवृत्ती आहे? ‘चालून जाईल’ हे उत्तर नाही. आवृत्ती सांगता येत नसेल तर बिल करण्याआधी तिथेच अपडेट करून मागा, नाहीतर प्रोसेसर न लावता बायॉस बदलता येणारा बोर्ड घ्या. अशा बोर्डाच्या मागच्या बाजूला त्यासाठी एक बटण असतं आणि एका यूएसबी पोर्टवर खूण असते. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला कंपनीने सांगितलेलंच नाव द्यायचं, बोर्डाला वीज जोडून बटण दाबायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज तोडायची नाही. स्वस्तातल्या बोर्डांवर हे बटण बऱ्याचदा नसतं आणि आपण स्वस्तातलेच बोर्ड बघत असतो, म्हणून आवृत्तीची चौकशी टाळू नका. बटण नसेल तर आधीच्या पिढीचा प्रोसेसर उसना आणण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

वापरलेला प्रोसेसर घेणार असाल तर विंडोज ११ चालतं का ते बघा: ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २००० पासून पुढे. एएम४ च्या पिना प्रोसेसरखाली असतात. उलटा करून, उजेडात तिरका धरून प्रत्येक रांग बघा. एक वाकलेली असली तरी परत द्या. वापरलेल्या बोर्डालाही आवृत्ती विचाराच.

कूलर खोक्यात आहे का? ट्रेवाल्यात, म्हणजे खोक्याशिवाय सुट्या मिळणाऱ्या प्रोसेसरात, नसतो. जुना कूलर लावायचा असेल तर एलजीए१७०० ची भोकं आधीच्या सॉकेटपेक्षा लांब आहेत, वेगळी पट्टी लागते. रॅम एकाच काडीऐवजी दोन घ्या, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालवणार असाल तर नक्कीच. पॉवर सप्लाय नावाजलेला.

बसवताना प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला जुळवा, प्रोसेसर वरून दाबू नका, पेस्ट वाटाण्याएवढी, पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी. हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे. बायॉसची आवृत्ती लिहून घेतली ना? नसेल तर अजून बिल करू नका.