मायटोकॉन्ड्रियल आजारात हाडं कशी तपासून घ्यायची

मायटोचा आजार, म्हणजे पेशींमध्ये एनर्जी बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात बिघाड, म्हटलं की सगळे स्नायू, मेंदू, हार्ट बघत बसतात, हाडांची आठवण येते ती कुणी घसरून मनगट मोडून घेतलं की मग. हाड म्हणजे काही दगड नाहीये, ते रोज थोडं खरवडलं जातं आणि रोज नवं भरलं जातं, आणि दोन्ही कामांना एनर्जी लागते, तिचाच तर इथे तुटवडा. त्यात चालणं कमी, तोलही जातो, म्हणजे मोडायला सगळी तयारीच.

आधी एक सांगतो, कॅल्शियम मनाने सुरू करू नका. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन) बघायला सांगा. यातला फॉस्फरस यादीतून सुटू देऊ नका, कारण काही पेशंटच्या किडनीच्या बारीक नळ्या दमतात आणि फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं, मग हाड नुसतं विरळ होत नाही तर मऊ पडतं, आणि त्याला औषध वेगळं, ऑस्टिओपोरोसिसच्या (हाड विरळ होण्यावरच्या) गोळ्या तिथे उलट नुकसान करू शकतात. लघवीत साखर दिसतेय पण रक्तातली नॉर्मल आहे, शुगरची कुठली गोळीही चालू नाही, तर किडनीवर डाऊट घ्या. आणि टेस्टसाठी रात्रभर उपाशी राहा म्हणाले तर आधी मायटो बघणाऱ्या डॉक्टरांना विचारा, जास्त वेळ उपाशी राहणं या पेशंटना झेपत नाही.

मग डेक्सा स्कॅन, म्हणजे हाड किती घट्ट आहे ते मोजणारा एक्स-रे. लहान मुलं आणि तरुणांचा झेड-स्कोअर (त्याच वयाच्या लोकांशी तुलना करणारा आकडा) बघायचा, -2 किंवा खाली म्हणजे वयाच्या मानाने कमी. पण मायटोत उंची बरेचदा कमी असते आणि लहान चणीचं हाड मशीनला आहे त्यापेक्षा विरळ दिसतं, त्यामुळे उंची धरून आकडा काढलाय का ते विचारा, नाहीतर उगाच घाबराल.

फिटच्या औषधांची यादी सोबत न्या. फेनिटॉइन, फेनोबार्बिटल व्हिटॅमिन डी लवकर संपवतात, व्हॅल्प्रोएट हाडांनाही वाईट आणि पीओएलजी जीनचा दोष असेल तर लिव्हरसाठी घातकच. मात्र स्वतःहून काहीही बंद करायचं नाही, फिट आली तर पडून हाड मोडेलच.

अलेन्ड्रोनेट (ऑस्टिओपोरोसिसची गोळी) लिहून दिलं तर गिळायला त्रास होतो का हे डॉक्टरांना आधी सांगा. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं, अन्ननलिकेत अडकली तर जखम करते, आणि मान धरवत नसलेल्या माणसाला अर्धा तास ताठ बसवून बघा एकदा. अशांसाठी शिरेतून द्यायचं औषध असतं, तेही कॅल्शियम आणि डी नीट झाल्यावर, किडनी बघूनच.