आयनिक इक्विलिब्रियम: सूत्र पाठ असूनही मार्क का जातात? या चुका टाळा

बफरचं (वीक ॲसिड आणि त्याचं सॉल्ट एकत्र असलेल्या द्रावणाचं) गणित दिसलं की मुलं हेंडरसनचं सूत्र (पीएच = पीकेए + लॉग सॉल्ट/ॲसिड; पीकेए म्हणजे ॲसिडच्या स्थिरांकाचा, केएचा, उणे लॉग) ठोकून मोकळी होतात. वर्षानुवर्षं तीच चूक पाहून मी आता लाल पेनही उचलत नाही.

मागे एका सराव चाचणीत घातलं होतं: 100 मिली 0.1 मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये 40 मिली 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साईड टाकलं, पीकेए 4.74, तर पीएच किती? वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीचं उत्तर आधी तयार: 4.34. सॉल्ट 4, ॲसिड 10, काढला लॉग. "सर, ऑप्शनमध्ये आहे की!" अगं, असणारच. तू कुठे घसरणार हे पेपर काढणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. बेसने 4 मिलिमोल ॲसिड खाल्लं, उरलं 6. लॉग 4/6 चा, पीएच 4.56.

म्हणून मी कच्च्या कामात आधी तीनच ओळी लिहितो, मिलिमोलमध्ये: होतं, गेलं, उरलं. सूत्र कोणतं ते तिसरी ओळ सांगते. ॲसिड आणि सॉल्ट दोन्ही उरले तर हेंडरसन. बेस उरला तर नुसता त्याचाच हिशेब. बेसही 100 मिली टाकला तर उरतं फक्त सॉल्ट. मग पीएच 8.72 येतो. 'न्यूट्रल झालं म्हणजे 7' म्हणणाऱ्यांनी ॲसिड वीक होतं हे प्रश्नात पुन्हा वाचावं. पण शॉर्टकटचे व्हिडिओ पाहून आलेल्यांना तीन ओळीही जड जातात.

दुसरं दुखणं: दहाचा उणे आठवा घात मोलर एचसीएल, उत्तर पीएच 8. ॲसिडात पाणी ओतत राहिलं की त्याचा बेस होतो का रे? इथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन जास्त आहेत, तेही धरा. उत्तर 6.98.

पीएचची सरासरी काढू नका. पीएच 2 आणि 4 ची स्ट्राँग ॲसिडची द्रावणं सारखी मिसळली तर 2.3, 3 नाही.

बेरियम हायड्रॉक्साईडमधले दोन ओएच विसरू नका.

केएसपी (विद्राव्यता गुणाकार) लहान म्हणजे कमी विरघळणारं, हे सॉल्टच्या सूत्राचा साचा, म्हणजे आयनांचं प्रमाण, एकच असेल तरच. सिल्व्हर क्रोमेटचा केएसपी सिल्व्हर क्लोराईडपेक्षा लहान, तरी विरघळतं तेच जास्त.

आणि लॉग टेबल. केए 1.8 गुणिले दहाचा उणे पाचवा घात असेल, तर पीकेए 5 वजा 0.26, म्हणजे 4.74. अधिक करून 5.26 लिहिणारे दर बॅचला दोघे-तिघे निघतातच.