ईमॅक्समध्ये मेल वाचताय? नवा मेल आल्याचं वेळेवर कसं कळेल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू असले की आमच्या अडत दुकानात कोणाला मान वर करायला सवड नसते. पट्ट्या, हिशेब, पत्रं हे सगळं मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहितो आणि मेलही तिथेच, त्यातल्या म्यूफोरई या मेल प्रोग्रॅममध्ये वाचतो. दोन हंगामांपूर्वी एका खरेदीदाराने सकाळी दहाच्या सुमारास नमुना मागवणारा मेल टाकला. तो मी दुकान बंद करताना पाहिला. तोवर त्यांनी माल दुसरीकडे ठरवला होता. नोटिफिकेशन मी आधीच लावलं होतं, तरी ते वाजलं नाही. असं का झालं ते शोधताना जे हाती लागलं, ते इथे क्रमाने देतोय.

नवा मेल कळण्यामागे तीन वेगळी कामं असतात. एमबीसिंक हा प्रोग्रॅम सर्व्हरवरून मेल आणतो, म्यू हा दुसरा प्रोग्रॅम शोधासाठी त्याची नोंद करतो आणि शेवटी म्यूफोरई तुम्हाला हाक मारतो. आपण सगळे त्या शेवटच्या कामाशी खटपट करत बसतो. दोष बहुतेक वेळा पहिल्यात असतो.

एक सूचना आधीच देतो. आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत, पण फाइलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ घालून लिहायची. म्यूफोरई म्हणजे एम, यू, चारचा आकडा आणि ई. स्पेलिंगची शंका आली तर ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच आणि मग व्ही दाबा, सुरुवातीची अक्षरं टाका आणि टॅब दाबा. पूर्ण नाव समोर येतं.

मेल आपोआप येतोय का, ते आधी बघा

टर्मिनल उघडून एमबीसिंक, एक जागा सोडून वजा-ए, एवढीच आज्ञा द्या. काही न विचारता ती पूर्ण झाली पाहिजे. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

हा पासवर्ड जीपीजी या सांकेतिक कुलूप लावणाऱ्या प्रोग्रॅमने कुलूपबंद ठेवला असेल, आणि तसा ठेवावाच, तर पुढचं नीट वाचा. जीपीजीचा एजंट, म्हणजे मागे चालणारा त्याचा मदतनीस, हे कुलूप उघडणारा तुमचा परवलीचा शब्द शेवटच्या वापरानंतर ६०० सेकंद लक्षात ठेवतो. दर पाच मिनिटांनी मेल आणला तर ही मुदत दर वेळी नव्याने सुरू होते, म्हणून सगळं सुरळीत वाटतं. पण कितीही वापर झाला तरी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, तो शब्द पुन्हा विचारला जातो. विचारणारी खिडकी बाकीच्या खिडक्यांमागे राहिली की मेल येणं तिथेच थांबतं. माझा दोष इथे निघाला. आठला दुकान उघडलं, दहापर्यंत मेल आले आणि मग बंद पडले.

उपाय सोपा आहे. घरच्या फोल्डरमधल्या जीपीजीच्या फोल्डरात जीपीजी-एजंटची कॉन्फ फाइल असते, नसेल तर तयार करा. त्यात डिफॉल्ट-कॅश-टीटीएल आणि मॅक्स-कॅश-टीटीएल या दोन ओळींपुढे ४३२०० लिहा. म्हणजे १२ तास झाले. मग एजंट पुन्हा सुरू करा. संगणक अनेकांच्या हातात जात असेल तर मुदत कमी ठेवा.

आता म्यूफोरई

इनिट फाइलमध्ये, म्हणजे ईमॅक्स उघडताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, म्यूफोरई-गेट-मेल-कमांड याला वरचीच एमबीसिंकची आज्ञा द्या, अवतरणचिन्हांत. म्यूफोरई-अपडेट-इंटरव्हल याला ३०० द्या. हा आकडा सेकंदांत असतो आणि तो दिला नाही तर मेल आपोआप आणलाच जात नाही. शेवटी कंसात म्यूफोरई आणि पुढे टी (म्हणजे ‘हो’) एवढं लिहिलं, की ईमॅक्स उघडताच तो मागे चालू होतो. बाहेरून क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय, लावून म्यूची नोंदणी चालवू नका. म्यूफोरई सुरू असताना म्यूच्या नोंदींच्या डेटाबेसला कुलूप असतं आणि बाहेरची आज्ञा चुकते.

लिनक्स डेस्कटॉपवर म्यूफोरई-नोटिफिकेशन-सपोर्ट याला टी दिलं की झालं. हे नाव मदतीत सापडलं नाही तर तुमची आवृत्ती जुनी आहे, ती आधी बदला. नोटिफिकेशनमध्ये किती नवे मेल आले ते कळतं, कोणाचे ते नाही.

म्हणून कशासाठी वाजायचं ते ठरवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक जाहिरातीला वाजणारी घंटा माणूस चार दिवसांत ऐकेनासा होतो. म्यूफोरईची घंटा आवडत्या बुकमार्कवर, म्हणजे जपून ठेवलेल्या शोधावर, चालते. म्यूफोरई-बुकमार्क्समध्ये स्वतःचा एक बुकमार्क घाला आणि फक्त त्यालाच फेव्हरिट टी ही खूण द्या. शोधाची ओळ अशी: फ्लॅग:अनरीड अँड नॉट फ्लॅग:लिस्ट. म्हणजे न वाचलेले, पण मेलिंग लिस्टवरून न आलेले मेल. बरीचशी जाहिरातपत्रं यातच गळतात. त्यापुढे मी इनबॉक्सचा फोल्डर जोडलाय. ही ओळ आधी म्यूफोरईत एस दाबून शोधून पाहा. हवे तेच मेल दिसले, मगच बुकमार्क करा.

टर्मिनलमधल्या ईमॅक्सला जिथे डेस्कटॉपच नसतो, तिथे डिस्प्ले-टाइम-मोड कामी येतो. डिस्प्ले-टाइम-मेल-डिरेक्टरी याला इनबॉक्समधला न्यू नावाचा उपफोल्डर द्या. एमबीसिंक नवे मेल तिथेच टाकतो. त्यात काही आलं की खालच्या पट्टीवर घड्याळाशेजारी मेल हा शब्द उमटतो. तपासणी दर ६० सेकंदांनी होते.

झाल्यावर दुसऱ्या पत्त्यावरून स्वतःला एक मेल पाठवा आणि पाच मिनिटं थांबा. तो वाजला तरी काम संपलं असं धरू नका. ईमॅक्स तसाच चालू ठेवून अडीच तासांनी दुसरा पाठवा. तो वाजला की मग बिनघोर सौद्याला जा.