आधी ठसा, मग सभासदत्व: लंडनच्या सोनारश्रेणीविषयी नव्या कारागिरांसाठी

लंडनमध्ये चांदीकाम शिकून स्वतःच्या नावाने वस्तू विकू पाहणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा असा मिळतो, की आधी गोल्डस्मिथ्स कंपनीत शिरकाव करून घ्यावा आणि पुढचे मग पाहावे. हा सल्ला मलाही मिळाला होता. त्यापायी माझ्या हातच्या वस्तू बराच काळ दुसऱ्याच्या ठशाखाली विकल्या गेल्या आणि ती चिडचिड अजून पुरती गेलेली नाही. सल्ला देणारी माणसे वाईट नव्हती. त्यांनी स्वतः उमेदवारीच्या, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली करारावर शिकण्याच्या, वाटेने प्रवेश मिळवला होता, त्यामुळे दुसरी वाट असते हेच त्यांच्या ध्यानात येत नव्हते.

ही कंपनी म्हणजे सोनारांची जुनी श्रेणी, अर्थात व्यवसायसंघ. तिला 1327 मध्ये राजसनद मिळाली आणि लंडनच्या बारा थोर श्रेण्यांत तिचा क्रम पाचवा लागतो. फॉस्टर लेनवरील तिच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आजही दरवर्षी सरकारी टांकसाळीतील नाण्यांची जाहीर परीक्षा होते. हे सारे भारावून टाकणारे आहे आणि गोंधळाचे मूळही तेथेच आहे. एकाच छपराखाली दोन निराळे व्यवहार चालतात. एक श्रेणीचा, म्हणजे सभासदत्व, उमेदवारी आणि मानपान यांचा. दुसरा टंच तपासणाऱ्या कचेरीचा, म्हणजे लंडन अ‍ॅसे ऑफिसचा. ही कचेरी श्रेणीचीच असली तरी तिचे काम 1973 च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार चालते, आणि तेथे नाव नोंदवण्यासाठी श्रेणीचे सभासद असावे लागत नाही.

हे पुन्हा सांगतो, कारण नवखा माणूस नेमका येथेच अडतो. हॉलमार्कमध्ये तीन खुणा सक्तीच्या असतात: वस्तू तपासणीस देणाऱ्याचा ठसा, धातूची शुद्धता आणि तपासणाऱ्या कचेरीची खूण, लंडनची खूण म्हणजे बिबट्याचे मुख. वर्षाचे अक्षर 1999 पासून ऐच्छिक झाले आहे. यांतील पहिला ठसा तुमच्या आद्याक्षरांचा असतो. अर्ज भरावा, शुल्क द्यावे आणि ठसा करून घ्यावा. एवढ्यावर नोंदणी होते आणि ती दहा वर्षे चालते. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही, मेजवानीला जावे लागत नाही आणि गळ्यात पदकही असावे लागत नाही. उलट हा ठसा मिळाला म्हणून कोणी श्रेणीचा सभासद होत नाही, हेही तितकेच खरे. परिचयपत्रावर तसे छापणारे लोक मी पाहिले आहेत आणि जाणकारांसमोर त्यांची फजिती होते.

ठशाशिवाय काम रेटू नये. चांदीची वस्तू 7.78 ग्रॅम किंवा त्याहून जड असेल, तर हॉलमार्क नसताना व्यापारात तिला चांदीची म्हणणे हा गुन्हा आहे. सोन्यासाठी ही मर्यादा केवळ 1 ग्रॅम आहे. खडे वजनात धरत नाहीत, पण पितळेसारखा कमी मोलाचा धातू जोडलेला असेल तर एकूण धातूचे वजन धरतात, आणि सूट मिळेल या भरवशावर केलेली कर्णफुले तेथेच अडकतात.

एवढे वाचून धास्तावण्याचे कारण नाही. कचेरीतील माणसे प्रश्नांची उत्तरे शांतपणे देतात आणि नव्या माणसाचा अडाणीपणा त्यांच्या सवयीचा आहे. हॅटन गार्डन या लंडनमधील जवाहिऱ्यांच्या पेठेतही त्यांची शाखा असल्याने त्या भागात काम करणाऱ्याला फारशी पायपीट पडत नाही.

मग श्रेणीत जावे की नाही? उमेदवारीची संधी असेल तर अवश्य जावे. हॉलमध्ये करारावर सही होते, उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे जातात आणि शेवटी स्वतःच्या कौशल्याची साक्ष देणारी एक वस्तू सादर करावी लागते. त्यानंतर श्रेणीचे सभासदत्व हक्काने मिळते. वारशाने आणि शुल्क भरूनही आत जाता येते, पण हातकाम शिकण्यासाठी त्या वाटांचा काही उपयोग नाही, असे माझे ठाम मत आहे. उस्ताद निवडताना त्याच्या नावापेक्षा तो दिवसातील किती वेळ स्वतः पाटावर बसतो हे पाहावे. सतत सभासमारंभांत असणाऱ्या उस्तादाकडे उमेदवार फक्त झिलई करत राहतो. दरवर्षी हॉलमध्ये भरणाऱ्या गोल्डस्मिथ्स फेअरसाठीही सभासदत्व लागत नाही. तेथे काम पाहून निवड होते.

ठसा मागवताना एक लहान मापही घ्यावे, कारण मोठा ठसा बारीक अंगठीच्या आतल्या बाजूस बसत नाही. आणि वस्तू शेवटची झिलई करण्यापूर्वीच तपासणीस द्यावी: ठोकलेल्या ठशाने आजूबाजूचा धातू सरकतो, तो नंतर पुन्हा सारखा करावाच लागतो. वस्तू पोकळ किंवा नाजूक असेल तर लेसरने खूण करून मागावी.